पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला सूज : घाबरू नका, पण विसरूही नका



घरात लेक किंवा सून गरोदर असली की पाचव्या महिन्यात सोनोग्राफी होते. एखाद्या वेळी डॉक्टर सांगतात, "बाळाच्या मूत्रपिंडाला किंचित सूज दिसते." झाले! घरात एकच घबराट उडते. कोणी नवस बोलते, तर कोणी मूल ठेवायचे की नाही इथवर जाऊन पोचते. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

बाळ पोटात असतानाच लघवी करते. पाचव्या महिन्यानंतर गर्भजलातील बहुतेक पाणी म्हणजे ही लघवीच. ती मूत्रपिंडात तयार होते, तिथल्या लहानशा हौदात जमते आणि नळीवाटे मूत्राशयात उतरते. हा हौद रुंद दिसला की आपण 'सूज' म्हणतो. खरे तर ते पाण्याचे फुगणे आहे. पाटात गवत अडकले की पाणी मागे फुगते ना, तसेच. कधी नळी अरुंद असते, कधी मूत्राशयातली लघवी उलटी वर चढते. पण पुष्कळदा कायमचा अडथळा काहीच नसतो आणि बाळ वाढेल तसे ते आपोआप सुधारते.

शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत तरी असे दिसतेच. सातव्या महिन्याआधी हौदाची रुंदी ४ मिलिमीटरच्या आत आणि त्यानंतर ७ च्या आत असावी. त्याहून थोडी जास्त म्हणजे किंचित सूज. अशी बहुतेक बाळे औषध वा ऑपरेशनाशिवाय बरी होतात. एवढ्या कारणाने गर्भ काढण्याचा विचारही करू नये. मात्र दोन्ही मूत्रपिंडे बरीच फुगलेली, मूत्राशय मोठे व जाड, किंवा गर्भजल कमी, असे असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावे.

आता महत्त्वाचे. डॉक्टर बाळंतपणाआधी पुन्हा एकदा सोनोग्राफी सांगतात, ती चुकवू नये. सूज शेवटपर्यंत राहिली, तर जन्मानंतर बाळाचीही सोनोग्राफी लागते. पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे सूज असूनही दिसत नाही. म्हणून किंचित सूज असल्यास दोन दिवसांनंतर, पण महिन्याच्या आत तपासावे आणि पुढे सहा महिन्यांच्या आत पुन्हा एकदा. चूक होते ती इथेच. बाळ गुटगुटीत दिसते, अंगावर पिते, मग कागद ट्रंकेत जातो. दरम्यान अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते. बाळाला सर्दी-खोकल्याशिवाय ताप आला, तर आधीचा कागद दाखवून लघवी तपासून घ्यावी. लघवी थेंबथेंब होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मुलगा की मुलगी हे मात्र विचारू नये. १९९४ च्या कायद्याने ते विचारणे आणि सांगणे, दोन्ही गुन्हा आहे.

ऊसतोडीच्या टोळीतल्या भगिनींनाही एवढे जरूर सांगा : गाव बदलले तरी सोनोग्राफीचा कागद बरोबर असू द्या. नव्या गावातल्या डॉक्टरला बाळाची मागची हकीकत त्यावरूनच कळणार आहे.