कारखान्यांत नव्यानें जाणाऱ्यांचे पहिले दिवस

रेवदंड्यास खाडीच्या तोंडाशीं उभें राहिलें म्हणजे पैलतीरीं साळावचा लोखंडाचा कारखाना दिसतो. विक्रम इस्पात या नांवानें तो १९९३ सालीं चालू झाला. २००९ सालीं वेलस्पनकडे व २०१४ सालीं जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. मालक बदलले, तरी बागायतदाराच्या घरचा एखादा मुलगा वाडी भावाच्या हवालीं करून कारखान्याची वाट धरतो, हें कांहीं बदललें नाहीं. तेव्हां शेतीच्या मासिकांत हा विषय कशाला, असें वाचक विचारणार नाहींत अशी आम्हांस आशा आहे.

नव्या कामगारास यंत्रापाशीं उभें करण्यापूर्वीं काय शिकवावें, याची आंखणी पुष्कळ ठिकाणीं एका दिवसांत उरकली जाते. सकाळपासून व्याख्यानें, सायंकाळीं पुस्तकांत सही, आणि दुसऱ्या दिवशीं पाळीवर हजर! आपल्या वाडींत असें कोणी करीत नाहीं. पोफळीवर चढावयास शिकणाऱ्या पोरास आपण प्रथम पायांत दोरीचा फास कसा बसवावा हें दाखवितों, मग पुरुषभर उंचीवर चढवितों, उतरवितों, पुन्हा चढवितों. शेंड्यावर जाण्याची पाळी फार उशिरां येते. अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं लाखो नवे लोक कारखान्यांत घ्यावे लागले, तेव्हां तेथील सरकारनें मुकादमांस शिकविण्याची जी पद्धत घालून दिली ती याहून निराळी नव्हती. शिकणाऱ्याचें मन तयार करावें, काम करून दाखवावें, त्याच्याकडून करवून घ्यावें, आणि मग अधूनमधून त्याच्याकडे लक्ष ठेवावें, एवढेच तिचे चार टप्पे होते.

परंतु आमच्या मतें आंखणीचा आरंभ याच्याही आधीं झाला पाहिजे. येणारा मुलगा रिकामा येत नाहीं. तो शेतीचें शहाणपण घेऊन येतो, आणि तेंच कांहीं ठिकाणीं त्याच्या जिवावर उठतें.

जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं आपण पेटता कंदील खालीं सोडतों. तो विझला तर उतरत नाहीं. साळावसारख्या कारखान्यांत लोखंड काढण्यासाठीं जे वायु वापरावे लागतात त्यांपैकीं कार्बन मोनॉक्साइड हा एक होय. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. माणसास मारण्याइतका तो हवेंत असला तरी कंदील जळतच राहतो. आणि त्याहून अधिक सांचला असेल तर त्याच ज्योतीनें स्फोट होतो. वायु मोजण्याचें उपकरण हाच तेथला कंदील, हें पहिल्या दिवशीं सांगितलें पाहिजे. पडलेल्या सोबत्यास उचलावयास धांवणें ही तर आपल्याकडे माणुसकीची गोष्ट! पण श्वसनयंत्र न लावतां धांवणारा दुसराही तेथेंच पडतो. थांबून हांक मारणें हें भ्याडपण नव्हे, हें तरुण मुलाच्या गळीं उतरवावयास एक व्याख्यान पुरत नाहीं. प्रत्यक्ष सराव हवा.

पाण्याचेंही तसेंच. गंजी पेटली तर आपण घागर घेऊन धांवतों. पण खनिजांतील प्राणवायु काढून घेतल्यावर जें सच्छिद्र लोखंड उरतें, तें प्राणवायु परत घेण्यास टपलेलें असतें. म्हणून तें गरम असतांनाच दाबून त्याच्या विटा पाडतात. तरीही त्याचा भुगा भिजला तर तापतो, आणि त्यांतून हायड्रोजन वायु निघतो. २००४ सालीं अशाच विटांचा भुगा घेऊन निघालेल्या ‘यथान’ नांवाच्या जहाजावर कोलंबियाजवळ स्फोट होऊन सहा माणसें दगावलीं. ज्याच्या हातून असल्या ढिगावर घागर ओतली जाणार तो नवखाच असणार.

उलटपक्षीं कांहीं शहाणपण कामास येतें. वारा कोठून वाहतो हें आपल्या किनाऱ्यावरच्या मुलास शिकवावें लागत नाहीं. वायु सुटल्यास वाऱ्याच्या आडव्या दिशेनें धांवावें, एवढेंच जोडून द्यावें. नगरांतून आलेल्यापेक्षां तो तें लवकर उचलील.

आतां खर्चाचें. जुना जाणता कामगार नव्यास हाताशीं घेऊन शिकवूं लागला म्हणजे त्याचें स्वतःचें काम मागें पडणारच. त्याच्याकडून तितक्याच मालाची अपेक्षा केली, तर तो नव्यास बाजूस उभें करील किंवा घाईनें पुढें ढकलील. ही तूट आंखणींतच धरली पाहिजे. शिवाय दिवसपाळींत शिकलेलें रात्रपाळींत पुन्हा करवून घ्यावें, कारण अंधारांत व झोपेंत तोच रस्ता ओळखूं येत नाहीं. ठेकेदाराकडून चार दिवसांसाठीं आलेल्या मजुरांस यांतून वगळण्याची जी चाल आहे ती आम्हांस सर्वांत घातक वाटते. वायूस कोण कायम व कोण हंगामी हें कळत नाहीं.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ सालीं कारखाने कायद्यांत दुरुस्ती होऊन सुरक्षिततेची माहिती व शिक्षण मिळण्याचा कामगारांस हक्क देण्यांत आला. पण ‘शिकलों’ अशी सही घेतली म्हणजे हक्क मिळाला, असें समजणारे पुष्कळ आहेत. वाचकांपैकीं ज्यांचा मुलगा नुकताच कामास लागला असेल, त्यांनीं आठवड्यानें तो घरीं आला म्हणजे पगाराआधीं एक गोष्ट विचारावी. भोंगा झाला तर तूं कोठून कोठें धांवशील, हें अंगणांत रेघा ओढून दाखव म्हणावें. त्यास दाखवितां आलें नाहीं, तर सोमवारीं यंत्रास हात लावण्यापूर्वीं मुकादमाकडून तो रस्ता चालून पाहूनच ये, असें त्यास बजावावें.