यंत्राला विचारा, पण नाव झाकून

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारची ओपीडी संपत आली होती. केसपेपर काढणारी मुलगी मोबाईलमध्ये डोके घालून बसली होती. "काय गं, काय चाललंय?" मी विचारले. ती उत्साहाने म्हणाली, "सर, सकाळच्या काकांचा रिपोर्ट एआयला दाखवला. बघा, मराठीत किती सोपा करून दिलाय!"

मराठी खरोखरच सोपे होते. पण रिपोर्टच्या फोटोत काकांचे पूर्ण नाव, फोन नंबर आणि क्षयरोगाचे निदान स्वच्छ दिसत होते. क्षयरोग औषधांनी बरा होतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तरी तो कोणाला सांगायचा, हे काकांनी ठरवायचे. आम्ही तो फोटो लगेच पुसला. पण कंपनीच्या संगणकावरूनही तो गेला, याची खात्री मला देता येईना. मुलीला काय बोलणार? मीच तिला कधी नियम सांगितला नव्हता.

वाचकहो, एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता ही काही शत्रू नव्हे. छातीचा एक्स-रे पाहून क्षयरोगाचा संशय सांगणाऱ्या संगणक प्रणालींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२१ मध्ये केली. संशयानंतर थुंकीची तपासणी मात्र करावीच लागते. प्रश्न आहे तो घर केवढे आणि कुलूप केवढे, याचा.

माझ्यासारख्या छोट्या दवाखान्याने नाव, पत्ता, फोन व आधार क्रमांक झाकल्याशिवाय काहीही यंत्राला देऊ नये. कर्मचाऱ्यांचे खासगी मोबाईल या कामाला वापरू नयेत. उत्तर डॉक्टरने वाचल्याशिवाय रुग्णाच्या हाती पडू नये.

दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होमने कंपनीकडून लेखी घ्यावे: माहिती कुठे राहते, किती दिवस राहते, यंत्राला शिकवण्यासाठी वापरली जाते का? प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा आणि नोकरी सोडताच तो बंद व्हायला हवा.

मोठ्या रुग्णालयाने यासाठी जबाबदार माणूस नेमावा आणि नोंदींची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस तिथले काम कागदावर चालवावे लागले होते.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कंपनीच्या हाती दिली तरी जबाबदारी दवाखान्याचीच, असे हा कायदा सांगतो. म्हणून तुम्हीही न संकोचता विचारा, "डॉक्टर, माझा रिपोर्ट कुठे कुठे जातो?"

काकांना मी स्वतः बोलावून झालेला प्रकार सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डॉक्टर, इथलं बोलणं इथंच राहतं, म्हणून तर आम्ही येतो."

दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर नियमांचा कागद चिकटला. हे मी आधीच करायला हवे होते.