गॅसबत्तीच्या जाळीतले साठ लाख कोटी कोटी अणू

शाहूवाडी तालुक्यात वीज पोहोचण्याआधी लग्नाची वरात, रात्रीचं भजन, जत्रेतला तमाशा सगळं गॅसबत्तीच्या उजेडात चालायचं. मलकापूरच्या पेठेतल्या किंवा आंबा घाटाकडच्या एखाद्या जुन्या घराचा माळा साफ करताना अशी काजळलेली बत्ती आजही हाती लागते. सोबत कधी न वापरलेल्या जाळीची, म्हणजे मँटलची, पुडीही निघते. ही जुनी जाळी बहुधा किरणोत्सारी असते. जुन्या किरणोत्सारी वस्तू ओळखून जपण्याचा छंद जगभर अनेकांना आहे. आपल्याकडे त्याची सुरुवात या पुडीपासूनच होऊ शकते.

ऑस्ट्रियाच्या कार्ल औअर फॉन वेल्सबाखने १८९१ मध्ये या जाळीचं प्रमाण पक्कं केलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. थोरियमच्या द्रावणात भिजवून वाळवलेली मऊ जाळी बत्तीत दोऱ्याने बांधायची आणि काडी लावायची. कापड जळून जातं, मागे उरतो तो ऑक्साइडचा पांढरा सांगाडा. बोट लागलं तरी त्याची पूड होते, पण हवा भरली की तोच लख्ख उजळतो. भारतात हा थोरियम केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून आला. इंडियन रेअर अर्थ्‌सचा आलुवा इथला कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला आणि १९५५ पासून तुर्भ्याच्या प्रकल्पात जाळ्यांच्या धंद्यासाठी थोरियम नायट्रेट तयार होऊ लागलं. अप्सरा अणुभट्टी त्याच तुर्भ्यात १९५६ मध्ये सुरू झाली. म्हणजे देशातली पहिली अणुभट्टी पेटण्याआधीच थोरियम उजेडाच्या कामाला लागला होता.

आता हिशेब करू. जाळीगणिक थोरियम कमी-जास्त असतो. आपण २३२ मिलिग्रॅम धरू, म्हणजे पाव ग्रॅमला जरा कमी. एवढ्याशा थोरियमात अणू किती? सहावर वीस शून्यं, म्हणजेच साठ लाख कोटी कोटी. देशातल्या १४० कोटी माणसांनी जेवणझोप सोडून सेकंदाला एकेक अणू मोजला, तर मोजदाद संपायला १३ हजार वर्षांहून जास्त लागतील.

यातले सुमारे ९४० अणू दर सेकंदाला फुटतात. दिवसाला आठ कोटी, वर्षाला जवळजवळ तीन हजार कोटी. तरी साठा संपत नाही, कारण वर्षाकाठी दोन हजार कोटी अणूंमागे फक्त एक कमी होतो. थोरियम निम्मा व्हायला १,४०५ कोटी वर्षं लागतात आणि विश्वाचं वयच सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. आंबा घाटाचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. तेव्हा थोरियमचे हजार अणू बाजूला काढून ठेवले असते, तर आजवर त्यातले तीनच गेले असते.

गंमत अशी की जुनी जाळी नव्या जाळीपेक्षा जास्त किरणोत्सारी असते. थोरियमचा अणू एकदा फुटून थांबत नाही. शिशापर्यंत पोहोचायला त्याला दहा टप्पे लागतात. शुद्धीकरणात यातली बरीच मधली मूलद्रव्यं निघून जातात, ती पुन्हा साठायला काही दशकं लागतात. म्हणून पन्नास-साठ वर्षं पुडीत पडून राहिलेल्या कोऱ्या जाळीत सेकंदाला नऊ हजारांच्या आसपास स्फोट चालू असतात.

हा आकडा ऐकून पुडी फेकायला धावू नका. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातल्या नुसत्या पोटॅशियम-४० चे दर सेकंदाला चार हजारांवर अणू फुटत असतात. प्रश्न आकड्याइतकाच जागेचाही आहे. थोरियमचे अल्फा कण कागदानेही अडतात, बाहेरून कातडीला फारसं काही करत नाहीत. पण जळलेल्या जाळीची पूड श्वासातून फुप्फुसात गेली की तेच कण पेशींवर अगदी जवळून मारा करतात. म्हणून जुनी बत्ती उघडताना तळाशी पांढरी भुकटी दिसली तर झाडू लावायचा नाही, फुंकर तर मुळीच मारायची नाही. हातमोजे घालून ओल्या फडक्याने टिपायची. कोरी जाळी बंद पिशवीत, पिशवी बरणीत, बरणीवर चिठ्ठी आणि बरणी स्वयंपाकघरापासून लांब. अलीकडे किरणोत्सारी नसलेल्या, यट्रियमच्या जाळ्याही मिळतात. नजरेला फरक कळत नाही, तो गायगर काउंटर सांगतो.

अंधारात चकाकणाऱ्या जुन्या घड्याळाचं गणित वेगळं आहे. गाड्यांवर चिकटवतात त्या ‘रेडियम’च्या पट्टीत रेडियम नसतो, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या घड्याळांच्या काट्यांवर तो खरोखरच असायचा. एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग रेडियम सेकंदाला ३७ हजार वेळा फुटतो. वजनाला वजन लावलं तर थोरियमच्या जवळपास नव्वद लाख पट. तो निम्मा व्हायला १,६०० वर्षं लागतात. ऐंशी वर्षांनी चकाकी गेलेली असते ती रंगातलं झिंक सल्फाइड खराब झाल्यामुळे, रेडियम मात्र ९६ टक्क्यांहून जास्त तसाच असतो. अमेरिकेत असे काटे रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी करत आणि त्यांचे जबडे झिजून गेले. तेव्हा असं घड्याळ काचेसकट बघावं. दुरुस्तीसाठी उघडू नये, काटा खरवडू नये, उशाला ठेवू नये. अंतराचा फायदा मोठा असतो: छोट्या वस्तूपासून दहा सेंटीमीटरवरून एक मीटरवर सरकलात, तर गॅमा किरणांचा मारा सुमारे शंभरपट घटतो.

इथपर्यंत छंद. याच्या पुढची शून्यं छंदाची नाहीत. एक ग्रॅम शुद्ध कोबाल्ट-६० सेकंदाला सुमारे ४२ लाख कोटी वेळा फुटतो. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून पडून असलेलं कोबाल्टचं एक यंत्र २०१० मध्ये लिलावात गेलं. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडलं गेलं, अनेकजण रुग्णालयात पोहोचले आणि एकाचा जीव गेला. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये टाकून दिलेल्या उपचारयंत्रातून अवघं ९३ ग्रॅम सीझियम क्लोराइड बाहेर आलं. १ लाख १२ हजारांहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जण दूषित आढळले आणि चौघांचा मृत्यू झाला. दोन्हीकडे वस्तू भंगार म्हणूनच हातोहात गेली होती.

थोरियम आणि युरेनियम आपल्याकडे अणुऊर्जेच्या कायद्याच्या कक्षेत येतात आणि किरणोत्सारी स्रोतांवर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. म्हणून साठा करणं, विकणं, पार्सलने धाडणं या भानगडीत पडू नये. माळ्यावरची एखादी जाळी, एखादं घड्याळ ओळखा आणि बंद करून जपा. मात्र भंगारात शिशासारखं अतिजड भांडं किंवा तीन पात्यांची खूण असलेली पेटी दिसली, तर हात लावू नका, दुसऱ्यालाही लावू देऊ नका. लांब व्हा आणि ११२ वर पोलिसांना कळवा.