लोखंडी चिलखतातली गोगलगाय

कुतुबमिनार पाहिलाय ना? प्रत्यक्ष नसेल तर चित्रात तरी नक्की. उंची साडेबहात्तर मीटर. खाली उभं राहून वरचं टोक बघायचं तर मान दुखून येते. आता मनातल्या मनात तो उलटा करा आणि हिंदी महासागरात सरळ बुडवा. त्याच्याखाली दुसरा कुतुबमिनार जोडा, मग तिसरा, मग चौथा. ६,००० मीटर खोल तळाला टेकायला असे ब्याऐंशी मिनार लागतील आणि तरी थोडी जागा उरेल. चला, उतरायला लागू.

तिसरा मिनार संपतो तेव्हा आपण २०० मीटरच्या खाली आलेलो असतो. इथे निळा, मिणमिणता उजेड आहे. एवढ्याशा उजेडात हिरव्या वनस्पतींना अन्न तयार करता येत नाही, त्यामुळे इथून खाली एकही झाड नाही, शेवाळ नाही. लाल रंग तर केव्हाच गायब झालाय. सूर्याच्या उजेडातला लाल भाग पाणी सगळ्यात आधी पिऊन टाकतं. म्हणून खोल समुद्रातले कितीतरी प्राणी लालभडक असतात. चुकलं नाही, बरोबर वाचलंत! लाल उजेडच नाही म्हटल्यावर लाल प्राणी काळा दिसतो, म्हणजे दिसतच नाही.

सहाव्या मिनाराच्या मध्यावर जरा थांबू. कारण इथली बातमी अगदी ताजी आहे. केरळातल्या कोल्लमपासून दूर अरबी समुद्रात, सुमारे ३९० मीटर खोलीवर एक माकूल सापडली. माकूल म्हणजे कोळणीच्या टोपलीत असते तीच, जिला हॉटेलात स्क्विड म्हणतात. पण ही वेगळीच निघाली. साध्या माकुलीला आठ हात असतात आणि वर दोन लांबलचक शुंडा. हिला नुसते आठ हात, शुंडा नाहीतच. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिची चोच, तिचे हात, तिचा डीएनए सगळं तपासलं आणि २०२५ मध्ये जाहीर केलं की ही जगाला नवीन आहे. नाव ठेवलं टॅनिंजिया सिलासी. त्याच संस्थेचे जुने संचालक डॉ. ई. जी. सायलस यांच्या आठवणीसाठी. तोपर्यंत टॅनिंजिया या वंशातली एकच जात माहीत होती. त्या जातीच्या दोन हातांच्या टोकांना दिवे असतात, प्राणिसृष्टीतल्या सगळ्यात मोठ्या दिव्यांपैकी. जपानी शास्त्रज्ञांनी समुद्रात कॅमेरा सोडून तिचं चित्रण केलं, तेव्हा ती सावजावर झेप घेताना लख्खकन उजेड पाडताना दिसली.

चौदावा मिनार. एक हजार मीटर. आता काळोख. रात्रीचा नव्हे, रात्री निदान चांदण्या तरी असतात. इथे सूर्याचा एक कणही कधी पोचलेला नाही. जो काही उजेड आहे तो प्राण्यांनी स्वतःच्या अंगात तयार केलेला. कुणी जोडीदाराला बोलावतंय, कुणी भक्ष्याला फसवतंय, कुणी शत्रूच्या डोळ्यांसमोर उजेड फेकून पळ काढतंय. खायला काय? वरून मेलेल्या जिवांचे, विष्ठेचे, शेवाळाचे बारीक कण सतत खाली झिरपत असतात. पांढऱ्या भुरभुरीसारखे दिसतात म्हणून शास्त्रज्ञ त्याला सागरी हिम म्हणतात. पण त्यातलं बरंचसं वाटेतच कुणी ना कुणी गट्टम करतं. तळापर्यंत फार थोडं पोचतं. त्यामुळे अनेक वर्षं सगळ्यांना वाटायचं की तळाशी प्राणी असतील ते थोडे, सुस्त आणि उपाशी.

आणि मग आपण चौतिसाव्या मिनारात शिरतो, आणि सगळंच उलटंपालटं होतं.

इथे, सुमारे २,४०० मीटर खोलीवर, मॉरिशसच्या आग्नेयेला समुद्राच्या तळाशी डोंगरांची एक लांबच लांब रांग आहे. या रांगेत जमीन मधोमध फाटते आहे आणि फटीतून खालचा तप्त खडक वर येतो आहे. समुद्राचं पाणी तिथल्या भेगांतून आत मुरतं, खडकाच्या आचेने तापतं, वाटेतलं लोखंड, तांबं, जस्त, गंधक विरघळवून घेतं आणि कारंज्यासारखं उसळून बाहेर येतं. तापमान ३०० अंशांच्याही वर. मग ते उकळून वाफ का होत नाही? डोक्यावर २,४०० मीटर पाण्याचं ओझं असतं म्हणून. तेवढ्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळतच नाही. बाहेरचं पाणी मात्र दोन अंशांच्या आसपास, बर्फाइतकं गार. गरम पाणी गार पाण्याला भेटलं की विरघळलेले धातू झटकन घन होतात आणि काळाकुट्ट धूर निघतोय असं वाटतं. साचून साचून त्याचं धुराडं तयार होतं. खरंखुरं, उभं, दगडी धुराडं.

जपानी संशोधकांना २००० साली इथे अशी धुराडी सापडली. त्यांनी या जागेला आपल्या जहाजाचं नाव दिलं, कैरेई. पुढच्याच वर्षी अमेरिकी शास्त्रज्ञांनी यंत्र खाली सोडलं, त्याच्या लोखंडी हाताने धुराड्याच्या पायथ्याचे काही प्राणी उचलले आणि वर आणले. त्यात एक गोगलगाय होती.

मला या गोगलगाईबद्दल सांगायचंय, त्यासाठीच तर तुम्हाला इतकं खाली आणलं!

तिचा शंख जास्तीत जास्त साडेचार सेंटिमीटरचा. कोणत्याही गोगलगाईचा पाय मऊ, चिकट मांसाचा असतो. हिच्या पायावर शेकडो खवले आहेत, एकावर एक चढलेले. आणि त्या खवल्यांवर लोखंड आहे. लोखंड आणि गंधक यांच्या संयुगाचा थर. शंखावरही तोच थर. जिवंत प्राण्याने स्वतःच्या अंगावर लोखंडाच्या संयुगाचं चिलखत बाळगलंय, असं उदाहरण शास्त्रज्ञांना दुसरं मिळालेलं नाही. या खवल्यांना लोहचुंबक चिकटतो. वर आणलेल्या नमुन्यांना हवा लागली की चक्क गंज चढतो.

हे चिलखत येतं कुठून? उत्तर मोठं गमतीचं आहे. गोगलगाय काही खातच नाही म्हटलं तरी चालेल. तिच्या अन्ननलिकेजवळची एक ग्रंथी भलतीच मोठी आहे आणि त्यात जिवाणू राहतात. धुराड्याच्या पाण्यातल्या गंधकाच्या संयुगांपासून ते जिवाणू अन्न तयार करतात आणि घरमालकिणीला पोसतात. सूर्य नको, हिरवं पान नको, सागरी हिमाची वाट बघायला नको. बदल्यात गोगलगाय त्यांना प्राणवायू पुरवते, आणि तो पोचवण्यासाठी तिचं हृदय शरीराच्या मानाने खूप मोठं झालंय. आता एवढं गंधक अंगात साठलं तर ते विषारीच. ते बाहेर टाकायला खवल्यांमध्ये बारीक बारीक नळ्या आहेत. गंधक त्या नळ्यांतून बाहेर येतं, तिथे त्याला पाण्यातलं लोखंड भेटतं आणि चिलखत तयार होतं. म्हणजे नको असलेली वस्तू फेकता फेकता दागिना घडला.

पडताळाही निसर्गानेच ठेवलाय. त्याच महासागरात सॉलिटेअर नावाच्या जागी हीच गोगलगाय पांढरी आहे. तिथल्या पाण्यात लोखंड फार कमी. गंधक आहे, पण भेटायला लोखंड नाही, म्हणून चिलखतही नाही.

ही गोगलगाय राहते तशा जागांवर दिल्लीचंही लक्ष आहे, म्हणून आता दिल्लीकडे वळू. दिल्लीला समुद्रकिनारा नाही. यमुना आहे, पण तिचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत गंगेत मिसळून मोठा प्रवास करतं. तरीही लोधी रोडवर पृथ्वी भवन नावाची इमारत आहे आणि भारताची खोल समुद्र मोहीम तिथून चालते. केंद्र सरकारने या मोहिमेला जून २०२१ मध्ये मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये. गोव्यातल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था माहीत असेल तुम्हाला. १ जानेवारी १९६६ ला ती स्थापन झाली तेव्हा तिचं मुख्यालय दिल्लीतच होतं, नंतर ते समुद्राजवळ गेलं.

दिल्लीला इतक्या खोलवर रस का? प्राण्यांमुळे नाही, हे खरं सांगायला हवं. धातूंमुळे. २६ जानेवारी १९८१. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचं संचलन चाललं असेल, त्याच दिवशी 'गवेषणी' या आपल्या जहाजाने महासागराच्या तळावरून काळसर गोटे वर आणले. त्यात मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं असतं. हे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात! आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळ शोधण्याचे हक्क भारताकडे आहेत. आणि धुराड्यांजवळ साचलेले धातू शोधायलाही वेगळी परवानगी आहे. अशा धुराड्यांच्या एका जागेचे फोटो आपल्या स्वयंचलित यानाने २०२४ मध्ये सुमारे ४,५०० मीटर खोलीवरून काढले. म्हणजे बासष्टावा मिनार उतरून आणखी खाली! या कामात गोव्यातल्या वास्कोची ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अरबी समुद्राजवळच्या कार्ल्सबर्ग डोंगररांगेसाठी आणखी एक करार झाला, तोही दिल्लीत.

अडचण लक्षात आली? धातू जिथे आहेत, गोगलगाय तिथेच आहे. ती दुसरीकडे राहूच शकत नाही. २०१९ साली तिला जगातल्या धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत घालावं लागलं. तेव्हा ती फक्त तीन जागी माहीत होती, पुढे आणखी काही ठिकाणी सापडली. समुद्रतळाच्या खाणकामाचा धोका म्हणून या यादीत आलेला हा पहिला प्राणी. खाणकाम अजून सुरूही झालेलं नव्हतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

आपल्या गोव्याच्या शास्त्रज्ञांनी तर त्याच्याही खूप आधी, १९९७ साली, एक धाडसी प्रयोग केला. मध्य हिंदी महासागरात पाच किलोमीटरपेक्षा खोल तळावरचा गाळ त्यांनी मुद्दाम ढवळला. खाणकाम केलं तर काय होईल, हे आधीच बघायला. गाळातले बारीक प्राणी लगेच कमी झाले. मग पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा तिथे जाऊन ते मोजत राहिले, कोण परत येतं, किती परत येतात. गोट्यांचा फोटो काढायचा आणि निघून यायचं, असं त्यांनी केलं नाही. गाळातले मिलिमीटरभर किडे मोजत बसणं हे मला कोणत्याही शौर्यापेक्षा कमी वाटत नाही.

इतके दिवस आपण यंत्रं खाली सोडत होतो. त्याआधी जाळी. मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावर आल्फ्रेड अल्कॉक नावाचे डॉक्टर खोल समुद्रातले प्राणी जाळ्याने वर काढायचे. प्राणी मिळायचे खरे, पण वर येईपर्यंत मेलेले, चेंगरलेले. ते खाली कसे वागतात हे कोण सांगणार? आता माणसं स्वतः जायची तयारी करताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या 'नॉटिल' पाणबुडीतून आपले शास्त्रज्ञ राजू रमेश अटलांटिकमध्ये ४,०२५ मीटर खोल गेले आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त नौदल अधिकारी जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटर. एकोणसत्तराव्या मिनाराचं टोक!

आपली स्वतःची पाणबुडी आहे 'मत्स्य ६०००'. तीन माणसं बसतील असा टायटॅनियमचा गोळा, आतून २.१ मीटर रुंद, भिंत ८० मिलिमीटर जाड. ६,००० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण ६०० किलोचा भार पडतो, म्हणून इतकी जाड. नेहमीची फेरी १२ तासांची, काही बिघडलं तर ९६ तास श्वास घेता येईल एवढी सोय. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळच्या बंदरात तिची पाण्यातली चाचणी झाली. खोली मात्र टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची आहे.

तीन जागांपैकी एक जागा प्राणी ओळखणाऱ्या माणसाला मिळायला हवी, दर फेरीला. नवा प्राणी खिडकीसमोर येतो तेव्हा तो नवा आहे हे कळायला जुने सगळे डोक्यात असावे लागतात. मग नमुना उचलायचा, त्याचे खवले, दात, हात मोजायचे, डीएनए बघायचा, दुनियेतल्या सगळ्या नातेवाइकांशी ताडून पाहायचा, वर्णन छापायचं आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो बाटलीत जपून ठेवायचा, म्हणजे शंभर वर्षांनीही कुणाला शंका आली तर बाटली उघडून बघता येईल. वर्णन लिहितो तोच नाव ठेवतो. त्या लोखंडी गोगलगाईबद्दल जगाला २००३ मध्ये कळलं, पण तिचं रीतसर वर्णन छापलं गेलं २०१५ मध्ये. बारा वर्षं ती टोपणनावावर राहिली! कार्ल्सबर्गच्या धुराड्यांजवळ धातू किती आहेत हे आपण मोजणारच आहोत. तिथे कोण कोण राहतं, काळं चिलखत घालून की पांढरं, याची यादीही त्याच जहाजावर, त्याच फेरीत तयार व्हायला हवी.