मधमाश्यांची घटती संख्या आणि किनारपट्टीवरील गावे

वसई तालुक्याच्या पश्चिम कडेला, अरबी समुद्राला लागून कळंब हे गाव वसले आहे. मुंबई व उपनगरांतील रहिवाशांना ते ठाऊक आहे ते तेथील वाळूच्या किनाऱ्यामुळे आणि सुरूच्या बनामुळे. तथापि 'कळंब' हा शब्द मराठीत एका वृक्षाचेही नाव आहे, याची आठवण किनाऱ्यावर येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असेल. चेंडूसारख्या गोल, सुगंधी फुलांचा हा वृक्ष बहरला की त्याच्याभोवती मधमाश्यांची दाटी होते. गावाचे नाव या वृक्षावरूनच पडले असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु मधमाश्यांविषयी लिहिताना आरंभ करण्यास याहून योग्य नाव सापडणार नाही.

मधमाशी म्हटले की सर्वसामान्य माणसास मध आठवतो. शेतीच्या दृष्टीने मात्र मध ही गौण प्राप्ती आहे. माशीचे खरे कार्य परागीभवनाचे. वसईच्या वाड्यांत पिकणाऱ्या काकडी, कारली, दुधी, शिराळी, लाल भोपळा या वेलभाज्यांचे उदाहरण घ्यावे. या वेलींवर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. त्यांचा पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने वाहून जात नाही. तो कोणीतरी नेऊन पोहोचवावा लागतो. काकडीचे मादी फूल एकच दिवस उमललेले असते आणि तेवढ्या अवधीत माशीने त्यास आठ-दहा वेळा तरी भेट दिली, तर फळ सरळ व भरदार धरते. भेटी अपुऱ्या पडल्या तर फळ वाकडे, एका टोकाला बारीक होते. माशी आलीच नाही तर कोवळी कळी पिवळी पडून गळते. अशा वेळी शेतकरी खत कमी पडले असे समजून खताचा हप्ता वाढवितो, किंवा रोग आला असे समजून फवारणी करतो. फवारणीने उरल्यासुरल्या माश्याही जातात.

सर्वच पिकांना माशी हवी असते असेही नाही. वसईची प्रसिद्ध केळी परागीभवनाशिवायच धरतात आणि पानवेलीची लागवड पानांसाठी असते. वांगी व टोमॅटो यांच्या फुलांतून पराग बाहेर पडण्यास विशिष्ट कंपनाची गरज असते. ते काम भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या एकलकोंड्या माश्या करतात, मध देणाऱ्या माश्यांना ते साधत नाही. म्हणून 'माश्या वाचवा' असे म्हणताना केवळ पेटीतील माशी डोळ्यांसमोर ठेवणे अपुरे आहे. जगात माश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य जाती पोळे न बांधता जमिनीतील बिळात किंवा वाळक्या लाकडात एकेकट्या राहतात.

आपल्याकडे मध साठविणाऱ्या माश्यांच्या चार देशी प्रकारांची ओळख ग्रामीण भागात पूर्वापार आहे. उंच झाडावर, कड्यावर, आणि आता पाण्याच्या टाक्यांवर व इमारतींवरही, एकच मोठे पोळे लटकविणारी आग्या माशी. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी सातेरी. झुडपांत लहानसे पोळे करणारी फुलोरी. आणि नांगी नसलेली इवलीशी पोया. यांपैकी पेटीत पाळता येते ती प्रामुख्याने सातेरी. पाचवी, युरोपीय माशी, १९६० नंतरच्या दशकात पंजाब-हिमाचलाच्या भागात आणून रुजविण्यात आली.

घट होण्याचे पहिले कारण घरांची टंचाई हे होय. सातेरीला अंधारी, कोरडी पोकळी लागते. जुनी चिंच, आंबा, जांभूळ यांच्या ढोल्या, दगडी कुंपणे, मातीच्या भिंती ही तिची हक्काची घरे. नालासोपारा-विरार परिसराची वस्ती गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढली. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या काळात वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि जुने वृक्ष गेले. नव्या वृक्षाची लागवड झाली तरी त्यात ढोली निर्माण होण्यास अनेक दशके जावी लागतात. 'एकास दोन झाडे लावली' असा हिशेब कागदावर जुळतो, माशीच्या लेखी जुळत नाही.

दुसरे कारण अन्नाचे. सातेरी पोळ्यापासून साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिघात चरते. किनाऱ्यावरील गावात या वर्तुळाचा जवळजवळ अर्धा भाग समुद्राने व्यापलेला असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. उरलेल्या अर्ध्यात सुरूचे बन असते. सुरूचे परागीभवन वाऱ्याने होते. त्याच्या फुलात मकरंद नाही. वाळू थोपविण्यास सुरू उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु मधमाशीच्या दृष्टीने ती पंगत बसली आणि पानात काही वाढलेच नाही अशी स्थिती होय. त्यात उंडी, करंज, जांभूळ, शेवगा ही झाडे मिसळली तर वाळूही थांबेल आणि माश्यांचेही पोट भरेल. खाडीकाठच्या तिवरांना आपण बराच काळ ओसाड जमीन मानीत आलो. उन्हाळ्यात इतर फुलोरा ओसरतो तेव्हा तिवर आणि काजळा यांची फुले माश्यांना आधार देतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला; खाडीत राडारोडा टाकणाऱ्यास हे समजावून सांगण्याचे काम मात्र गावपातळीवरच होऊ शकते.

पाण्याविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. वसईच्या वाड्यांतील बावखले, म्हणजे शिंपणासाठी राखलेली लहान तळी, ठिकठिकाणी बुजविली गेली. उन्हाळ्यात पोळे थंड ठेवण्यासाठी कामकरी माश्या पाण्याचे थेंब वाहून आणतात. खारट किंवा औषधाने दूषित झालेल्या डबक्याखेरीज पाणी उरले नाही, तर त्या तेथेच जातात.

तिसरे कारण कीटकनाशकांचे, आणि येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. काही औषधे माशीला जागीच मारतात. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसातून मकरंदात व परागात उतरतात. त्यांच्या अल्प मात्रेने माशी लगेच मरत नाही, तर तिची स्मरणशक्ती व दिशाज्ञान बिघडते आणि ती पोळ्याकडे परतू शकत नाही. युरोपीय संघाने या गटातील तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर २०१८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे ती सर्रास वापरात आहेत. फवारणीची वेळ बदलली तरी हानी पुष्कळ कमी होते. काकडी, कारली व लाल भोपळ्याची फुले सकाळी उमलतात. तेथे फवारणी अपरिहार्यच असेल तर सूर्यास्तानंतर करावी. दुधी व शिराळ्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, म्हणून तोच नियम तेथे उलटा लागू पडतो. या पिकांत फुलोऱ्यापूर्वीच बंदोबस्त करणे किंवा निंबोळी अर्कावर भागविणे श्रेयस्कर. भुकटी धुरळणे सर्वांत वाईट, कारण परागाबरोबर ती भुकटीही पोळ्यात जाते.

चौथे कारण रोगाचे. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. अळ्या पिशवीसारख्या फुगून मरत आणि पेट्या ओस पडत. बाहेरगावच्या वसाहती विचार न करता आणण्यातला धोका यावरून कळून यावा.

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांमुळे माश्या नाहीशा झाल्या, असे पुष्कळदा ऐकू येते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये तज्ज्ञ समिती नेमली होती. तथापि वृक्षतोड व विषारी फवारणी यांच्याविरुद्धचा पुरावा जितका भक्कम आहे, तितका मनोऱ्यांविरुद्ध नाही. माश्या संपल्या की मनुष्य चार वर्षांत संपेल, हे आइन्स्टाइन यांच्या नावावर खपविले जाणारे वाक्यही त्यांच्या लेखनात आढळत नाही. शिक्षकांनी ते फळ्यावर लिहू नये, एवढीच विनंती. त्याऐवजी, जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिके थोड्याफार प्रमाणात परागीभवन करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत, हा २०१६ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा निष्कर्ष लिहावा.

महाराष्ट्रात या कार्याची परंपरा आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे; त्याच परिसरातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. आग्या मोहोळ न जाळता, पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत संस्थेने मध गोळा करणाऱ्यांना शिकविली. अंड्या-अळ्यांचा भाग शाबूत राहिल्याने माश्या तेथेच पुन्हा पोळे भरतात. केंद्र शासनाने २०२० मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली.

शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीवर आग्या मोहोळ बसले की पेटता टेंभा किंवा औषधाचा पंप मागविला जातो. भीती खोटी नाही; डिवचलेल्या आग्या माश्यांचा हल्ला जिवावर बेतू शकतो. परंतु ही माशी स्थलांतर करणारी आहे, हंगाम संपला की ती आपण होऊन निघून जाते. तोवर खालची वाट दोरीने बंद करावी, तेथे धूर व मोठा आवाज होऊ देऊ नये आणि जागा गर्दीची असल्यास प्रशिक्षित माणसास बोलवावे. ज्या झाडावर ही वसाहत दरवर्षी उतरते त्या झाडाची नोंद पंचायतीने वेगळी ठेवावी, म्हणजे तोडीचा अर्ज आल्यास ते सदस्यांच्या नजरेस येईल.

ज्यांना सातेरीची पेटी ठेवावयाची आहे त्यांनी आधी प्रशिक्षण घ्यावे आणि एकदोन पेट्यांनीच आरंभ करावा. पेटी सावलीत, खाऱ्या वाऱ्याच्या थेट माऱ्यापासून दूर ठेवावी; तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले म्हणजे मुंग्या चढत नाहीत. कोकणच्या पावसात माश्यांना आठवडेच्या आठवडे बाहेर पडता येत नाही. त्या दिवसांत साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळच्या वेळी पेटीत द्यावा, आणि मे महिन्यात मध काढताना त्यांच्यापुरता मध पोळ्यात शिल्लक ठेवावा.