आपला कोण, परका कोण?

कविसंमेलनात कविता वाचून मी खाली उतरलो की कुणीतरी जवळ येतं आणि मनापासून म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी आभार मानतो. घरात पहिल्यापासून मराठीच आहे, हे सांगत बसत नाही. त्या माणसाच्या मनात वाईट काही नसतं. माझं नाव ऐकताक्षणी त्याच्या मनानं मला एका खणात ठेवून दिलेलं असतं, इतकंच.

मन असं का करतं? उत्क्रांती मानसशास्त्र या प्रश्नाकडे जरा लांबून बघतं. शरीराप्रमाणे मनही नैसर्गिक निवडीतून घडलं, हे त्याचं मूळ गृहीत. शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली. त्याआधी लाखो वर्षं आपले पूर्वज लहान टोळ्यांनी शिकार करत, कंदमुळं गोळा करत हिंडत होते. ज्या ओढी तेव्हा जगायला उपयोगी पडल्या, त्या टिकल्या. गोड दुर्मिळ होतं तेव्हा गोडाची ओढ कामाची होती. आज तीच आपल्याला जिलबीच्या ताटापाशी अडचणीत आणते.

टोळीत राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट सतत ओळखावी लागे. भांडण पेटलं तर आपल्या बाजूनं कोण उभं राहील?

समोरच्याचा वंश मन आपोआप टिपतं, ते टाळता येत नाही, असं अमेरिकेतले अनेक मानसशास्त्रज्ञ मानत होते. रॉबर्ट कुर्झबान, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडीस यांना ते पटेना. पायी हिंडणाऱ्या पूर्वजांना वेगळ्या वंशाचा माणूस भेटणंच कठीण. मग वंश ओळखण्याची खास सोय मनात तयार कशी होईल? मन शोधत असेल ते गट, आणि कातडीचा रंग ही त्याची एक खूण.

त्यांचा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या दोन संघांतल्या खेळाडूंचे फोटो आणि त्यांच्या वादावादीतली वाक्यं दाखवली. दोन्ही संघांत गोरेही होते, काळेही. मग अचानक विचारलं, कोणतं वाक्य कुणाचं? गंमत चुकांमध्ये होती. सगळ्यांची जर्सी एका रंगाची असताना एका काळ्या खेळाडूचं वाक्य दुसऱ्या काळ्याच्या नावावर जाई. संघांना वेगवेगळ्या रंगांच्या जर्सी दिल्यावर गफलत संघाप्रमाणे होऊ लागली आणि वंशाप्रमाणे होणारी घटली. त्याला चार मिनिटंही लागली नाहीत! स्त्री-पुरुष हा भेद मात्र जर्सी बदलूनही पुसट झाला नाही.

आजच्या प्रत्येक सवयीला आदिमानवाची सोयीची कहाणी चिकटवतात, अशी या शास्त्रावर टीका होते. ती पुष्कळदा खरीही असते. कहाणी रचणं किती सोपं, हे कवीला कुणी सांगायला नको. म्हणून तर हा प्रयोग मला आवडतो. इथं अंदाज आधी बांधला आणि मग तो तपासला. शिवाय एखादी खोड जुनी आहे म्हणून ती योग्य ठरते, असंही हे शास्त्र म्हणत नाही.

भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर फोनवर पडणारी शांतता मला ठाऊक आहे. आणि एकदा भर पावसात घाटाखाली आमची एसटी बंद पडली, तेव्हा धक्का मारायला आम्ही वीसेक जण उतरलो, तेही आठवतं. चिखलानं सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे झाले होते. नावं विचारली ती गाडी सुरू झाल्यावर, पुढच्या थांब्यावर चहा घेताना.