चमचाभर जागेचा प्रश्न

न्हावऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. आजोबांची फियाट कित्येक वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. आता तिचं इंजिन उतरवलंय आणि ब्लॉक बोरिंगला गेलाय. मेस्त्रींचं मत असं, की काम काढलंच आहे तर हेडही थोडं प्लेन करून घ्यावं, गाडी चांगली पळेल. घरच्यांना काळजी वेगळीच. पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यावर ही म्हातारी टिकणार कशी? आणि ते इथेनॉल शिरूर-दौंडसारख्या पट्ट्यातल्या उसातूनही निघतं, याची चुटपुट पत्राच्या शेवटी आहे. न्हावऱ्यात घोडगंगा सहकारी साखर कारखाना असल्यामुळे ती तिथं जास्तच लागत असेल.

मेस्त्रींचं आणि घरच्यांचं, दोघांचंही बरंचसं खरं आहे. पण आधी या इंजिनाचं कूळ सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या फियाटचं, म्हणजे पुढच्या पद्मिनीचं, इंजिन 1089 सीसीचं. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75. ही मापं 1937 सालच्या फियाट 508 सी या गाडीपासूनची. दुसरं महायुद्ध संपता संपता तुरीनच्या पिएरो दुसियो या उद्योगपतीनं फियाटचे अभियंते दांते जाकोसा यांना गाठलं आणि याच घरगुती इंजिनावर शर्यतीची छोटी गाडी बांधून मागितली. मूळ इंजिन 32 अश्वशक्तीचं. जाकोसांनी कॉम्प्रेशन वाढवलं, तेलाची व्यवस्था बदलली आणि त्याच 1089 सीसीतून साठेक अश्वशक्ती काढली. ही गाडी म्हणजे चिझितालिया डी 46. सप्टेंबर 1946 मध्ये तुरीनला ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिंकलीही, चालवत होते खुद्द दुसियो. त्याच शर्यतीत नामांकित शर्यतपटू ताझिओ नुवोलारींच्या गाडीचं स्टिअरिंग व्हील चक्क निखळून हातात आलं. त्यांनी ते वर धरून आपल्या माणसांना दाखवलं आणि उघड्या दांड्याला धरून गाडी पळवत ठेवली! पुढच्या वर्षी, वयाच्या 54 व्या वर्षी, याच घराण्यातल्या इंजिनाची चिझितालिया घेऊन ते मिल्ले मिलियाच्या खडतर शर्यतीत दुसरे आले. पहिली आलेली अल्फा रोमिओ 2.9 लिटरची होती. चिझितालिया 202 आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि तिचं चुलत भावंड ऑक्टोबर 2023 पर्यंत मुंबईत काळी-पिवळी म्हणून मीटर टाकून धावत होतं. या इंजिनाचं काम काढणाऱ्यानं मनात कुठलाही न्यूनगंड ठेवू नये.

आता मेस्त्रींच्या सूचनेचा हिशोब. एका सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर येताना 272 घनसेंटिमीटर जागा पुसून काढतो. वर उरलेल्या खोबणीत सगळं मिश्रण दाबलं जातं. समजा, कॉम्प्रेशन साडेसातास एक आहे, म्हणजे पुसलेली जागा आणि खोबण मिळून खोबणीच्या साडेसात पट. मग ती खोबण भरते सुमारे 42 घनसेंटिमीटर. कॉम्प्रेशन साडेआठ करायचं तर ती 36 वर आणावी लागेल. फरक साधारण साडेपाच घनसेंटिमीटरचा, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढा. या चमचाभर जागेसाठी हेडमधून दीड मिलिमीटरहून जास्तच धातू काढावा लागेल. ते फार झालं. पुशरॉड त्या मानानं लांब पडतात, रॉकरचा कोन बिघडतो, हेड पातळ होऊन गॅस्केट उडायला लागते. आणि बदल्यात मिळतं काय? कागदावरच्या गणितानं कार्यक्षमता चार टक्क्यांनी वाढते. चार टक्के चांगलेच, पण त्यानं गाडी 'पळत' नाही. शिवाय बोअर 0.4 मिलिमीटरनं मोठं केलं की सीसी 1102 होते आणि काहीही न कापता कॉम्प्रेशन किंचित वर सरकतंच.

कॉम्प्रेशन वाटेल तेवढं का वाढवता येत नाही, याचं उत्तर चढावावर टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ऐकू येतं. टक-टक-टक. शेतातलं पाचट डोळ्यांसमोर आणा. (जाळू नये, कुजवावं, हे खरंच, पण जाळताना पाहिलंय सगळ्यांनी.) एका कडेनं काडी लावली की ज्वाळेची रांग शिस्तीत पुढे सरकते. प्लगची ठिणगी पडल्यावर सिलिंडरमध्ये हेच होतं. पण इथं शेत बंद डब्यात आहे. मागून येणारी आग पुढच्या, न जळलेल्या कोपऱ्याला दाबते, तापवते. रांग पोचायच्या आत तो अख्खा कोपरा एकदम भडकला, तर त्या दणक्याचा आवाज म्हणजे नॉकिंग. असे हजारो दणके खाऊन पिस्टनच्या माथ्याला भोकं पडतात.

हे ज्यांनी शोधलं, त्यांच्यावर माझ्या मते मोठा अन्याय झाला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केंब्रिजमध्ये प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन आणि त्यांचा विद्यार्थी हॅरी रिकार्डो इंजिनाच्या आतला दाब प्रकाशाच्या किरणानं नोंदवत होते. मिश्रण वेळेआधी पेटणं वेगळं आणि हा दणका वेगळा, हे त्यांनी ओळखलं. हॉपकिन्सन 1918 मध्ये स्वतः विमान चालवताना अपघातात गेले. रिकार्डोंनी काम पुढे नेलं. चालू इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येईल असं ई 35 नावाचं प्रयोगाचं इंजिन त्यांनी बांधलं, त्यात एकेक इंधन घालून ते दणका कुठं सुरू होतो हे पाहायचे आणि टोल्युइन या दणका सोसणाऱ्या द्रवाच्या प्रमाणात ते मोजायचे. ऑक्टेन आकड्याचा, म्हणजे इंधन दणका किती सोसतं याच्या आजच्या मापाचा, हा थोरला भाऊ. त्या मोजमापात अल्कोहोल दणक्याला दाद न देणारं ठरलं.

अमेरिकेत थॉमस मिजली यांनाही अल्कोहोलचा हा गुण माहीत होता. तरी 1921 मध्ये दणक्यावरचा उपाय म्हणून त्यांनी हेरलेलं शिशाचं संयुग जगभर पेट्रोलमध्ये गेलं. शिसं अगदी थोडं पुरायचं आणि त्यावर पेटंट घेता यायचं. अल्कोहोलवर कोण पेटंट देणार? मुलांच्या रक्तात उतरलेलं ते शिसं भारतातल्या पेट्रोलमधून 2000 साली गेलं आणि जगाच्या पंपांवरून 2021 मध्ये. शाळेच्या पुस्तकात ऑक्टेन हा शब्द येतो, पण रिकार्डो येत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर आपल्या उसाचं इथेनॉल तेच काम करतं, जे करायला शिसं आणलं होतं. पंपावरच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वी 88 होता, मग 91 झाला, वीस टक्के मिश्रणानं 95 वर गेला. त्यात इथेनॉल उडून जाताना पेट्रोलच्या अडीचपट उष्णता ओढून घेतं. इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिट लावल्यावर जो गारवा वाटतो, तोच इथं सिलिंडरात शिरणाऱ्या हवेला मिळतो. म्हणजे माफक वाढवलेलं कॉम्प्रेशन या पेट्रोलवर जास्त सुखरूप राहील. मेस्त्री इथं बरोबर आहेत.

पण घरच्यांची काळजीही खरी. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण विरळ होतं आणि इंजिन तापतं. संगणकावर चालणारी नवी गाडी हे सांभाळून घेते. तुमच्या कार्बोरेटरला ते कळत नाही. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 120 असेल तर 125 लावून पाहा आणि प्लगचा रंग बघा. पांढराफटक पडला तर अजून विरळ आहे, विटकरी आला तर जमलं. जुने रबरी पाइप, डायफ्रॅम, कॉर्कची गॅस्केट इथेनॉल फुगवतं किंवा कडक करतं. ती सगळी नवीन, इथेनॉल सोसणारी टाका. टाकीतला जुना गाळ सुटून येईल, म्हणून फिल्टर लवकर बदला. पावसाळ्यात टाकी अर्धवट भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतली ओल पितं. हेड खोललंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक धातूच्या सीट बसवा. शिशाचा थर तिथं गादीसारखा असायचा, तो आता नाही. आणि अ‍ॅव्हरेज? लिटरमागे ऊर्जाच सहा-सात टक्के कमी. 'काहीच फरक पडत नाही' म्हणणारे आणि 'इंजिन खलास होतं' म्हणणारे, दोघंही अतिशयोक्ती करतात.

कापण्याआधी एक करा. हेडला व्हॉल्व्ह आणि प्लग घट्ट बसवून ते उलटं, सपाट ठेवा. खोबणीच्या कडेला बारीक ग्रीस लावून, भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबून बसवा. गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतून ब्युरेट मागून आणा आणि तिच्यातून रंगवलेलं रॉकेल थेंबाथेंबानं सोडा, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. किती मिलिलिटर गेलं ते लिहा. असं चारही खोबणींचं करा. जुन्या हेडमध्ये हे आकडे क्वचितच जुळतात. ज्या खोबणीत सगळ्यात कमी भरेल, टकटक आधी तिथूनच येईल. मोठ्या आकड्याला हात लावू नका, लहान खोबणी घासून त्याच्या बरोबरीला आणा. मग ते चार आकडे आणि नव्या गॅस्केटची जाडी मला कळवा, हेड किती कापायचं याचं गणित आपण मिळून करू.